संगीतोपचाराला सनद हवी

आज महाराष्ट्रात कोणीही दारावर ‘म्युझिक थेरपिस्ट’ अशी पाटी लावू शकतो. रुग्णालयात अनुभवी उपचारतज्ज्ञाच्या हाताखाली उमेदवारी करून, मानसशास्त्र आणि शरीरशास्त्र शिकून आलेला माणूस ती लावतो. शनिवार-रविवारची कार्यशाळा करून प्रमाणपत्र घेतलेलाही लावतो. कायद्याच्या लेखी दोघे सारखेच. स्वमग्न मुलाची आई, पक्षाघातानंतर बोलणे गमावलेल्या वडिलांचा मुलगा, स्मृतिभ्रंश झालेल्या आजीची सून यांना त्यांतला कोण खरा हे ताडून पाहण्यासाठी कुठलीच सरकारी नोंदवही उपलब्ध नाही. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, औषधाच्या दुकानाला परवाना लागतो. मन आणि मेंदू यांच्याशी रोज व्यवहार करणाऱ्या या उपचाराला मात्र अजून काहीच लागत नाही.

संगीतोपचाराची गोडी लावणारी पुस्तके मराठीत आहेत. कोणत्या व्याधीवर कोणता राग ऐकावा, ध्यानासाठी कोणते स्वर योग्य, अशा विषयांवर लेखनही बरेच होते. प्रस्तुत संग्रहाचा विषय वेगळा आहे. संगीतोपचाराची सेवा कोणी द्यावी, कोणाला मिळावी, तिचा खर्च कोणी उचलावा आणि ती चुकली तर जबाब कोणी द्यावा, हे प्रश्न शासनाचे धोरण आणि कायदा यांच्या कक्षेत येतात. त्या कक्षेची ओळख नवख्या वाचकाला करून देणे हे या प्रस्तावनेचे काम.

आधी उपचार म्हणजे काय ते पाहू. एका खोलीत पाच-सहा वर्षांचा मुलगा आहे. तो बोलत नाही, नजर देत नाही, खोलीभर गोल गोल फिरतो आहे. उपचारतज्ज्ञ त्याला बोलावत नाही. तो ढोलकीवर मुलाच्या पावलांची लय धरतो. मुलगा थांबला की ढोलकी थांबते, तो धावला की द्रुत होते. काही वेळाने मुलाच्या लक्षात येते की हा आवाज आपल्यामागे येतो आहे. तो मुद्दाम थांबतो आणि वळून पाहतो. आता तज्ज्ञ चार मात्रांचा एक तुकडा वाजवतो आणि शेवटची मात्रा रिकामी सोडतो. ती जागा मुलाची. एखाद्या दिवशी मुलगा त्या मात्रेवर हात मारतो. हे सारे योजून केलेले असते: उद्दिष्ट आधी लिहिलेले असते, मुलाने किती वेळा पाहिले, किती वेळा पाळी घेतली याची नोंद होते आणि पुढचे सत्र त्या नोंदीवर बेतले जाते. मूल कानांवर हात ठेवू लागले तर कुठे थांबायचे, हेही शिकून यावे लागते. संगीत ऐकून बरे वाटणे ही आपल्या सर्वांच्या अनुभवाची गोष्ट आहे आणि ती मौल्यवान आहे. पण उपचार म्हणजे मूल्यमापन, उद्दिष्ट, नाते, नोंद आणि उत्तरदायित्व यांची साखळी.

ही साखळी घडवण्याचे मार्ग अनेक आहेत. पॉल नॉर्डॉफ आणि क्लाइव्ह रॉबिन्स यांनी १९५९ पासून विकलांग मुलांबरोबर उत्स्फूर्त वादनाची जी पद्धत विकसित केली, ती वरच्या प्रसंगाच्या जवळची. हेलन बॉनी यांनी संगीत ऐकताना मनात उमटणाऱ्या प्रतिमांचा आधार घेतला. मेरी प्रीस्टली यांनी मनोविश्लेषणाशी नाते जोडले. १९९० च्या दशकात मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेतासंस्थेवर आधारित शाखा उभी केली. ठरावीक लयीच्या ठोक्यावर पक्षाघाताच्या किंवा पार्किन्सनच्या रुग्णाची चाल सुधारण्याचे तंत्र हे त्या शाखेचे ठळक फळ. वाचाघातात बोलणे हरवलेल्यांना सुरावटीतून शब्दांकडे नेण्याची पद्धत १९७३ मध्ये मांडली गेली. ॲरिझोनातील गोळीबारात २०११ साली डोक्याला गोळी लागलेल्या अमेरिकी काँग्रेसच्या सदस्या गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या पुनर्वसनात संगीतोपचाराचा वाटा होता, आणि त्यामुळे हा विषय अमेरिकेत घरोघरी पोहोचला. समाज आणि वस्ती यांना केंद्र मानणारी सामुदायिक संगीतोपचाराची शाखाही युरोपात रुजली आहे.

आपल्याकडची परंपरा स्वतंत्र आहे आणि तिचा एक धागा महाराष्ट्राच्या मातीत आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. आरंभीच तो नादाच्या आधी देहाची उत्पत्ती आणि रचना सांगतो. नाद शरीरात उपजतो, म्हणून शरीर जाणल्याशिवाय नाद कळत नाही, ही त्याची भूमिका. रागचिकित्सेचे आजचे अभ्यासक याच वारशाचा आधार घेतात. दक्षिणेत चेन्नईच्या नाद सेंटरने आणि पुद्दुचेरीच्या श्री बालाजी विद्यापीठातील केंद्राने शिक्षणाची वाट घातली, दिल्लीत म्युझिक थेरपी ट्रस्टने पदव्युत्तर पदविका सुरू केली, बंगळुरूच्या निमहान्समध्ये संगीत आणि मेंदू यांच्यावर संशोधन होते. रागाचा प्रभाव मुख्य मानणारे आणि उपचारतज्ज्ञ व रुग्ण यांच्यातील नाते मुख्य मानणारे, असे दोन प्रवाह भारतात शेजारी शेजारी वाहतात. धोरणाचा प्रश्न आला की दोघांना एकाच टेबलाशी बसावे लागते.

तिथे पहिला सवाल येतो पुराव्याचा, आणि तो टाळून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांवरील ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला आणि शासनांनी या क्षेत्राकडे गांभीर्याने पाहावे अशी दिशा दिली. दुसरीकडे, नऊ देशांतील ३६४ स्वमग्न मुलांवरचा मोठा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाच महिन्यांनंतर सामाजिक लक्षणांच्या तीव्रतेत लक्षणीय फरक दिसला नाही. पुढे वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात २६ अभ्यास एकत्र तपासले गेले. एकूण सुधारणा, जीवनमान आणि लक्षणांची एकंदर तीव्रता यांत संगीतोपचाराच्या बाजूने निष्कर्ष निघाला, पण सामाजिक संवाद आणि बोलणे यांत स्पष्ट फरक आढळला नाही. आमदारासमोर किंवा सचिवांसमोर जाताना हे तिन्ही कागद बरोबर न्यावेत, असे माझे ठाम मत आहे. सोयीचा तेवढाच पुरावा दाखवणाऱ्याची बाजू पहिल्याच प्रतिप्रश्नाला कोसळते. सगळे रोग रागाने बरे होतात असा दावा करणाऱ्यांनी या क्षेत्राचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे विरोधकांनीही केलेले नाही.

धोरणाची लढाई सर्वांत दीर्घकाळ चालली ती अमेरिकेत. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांसाठी रुग्णालयांत गायक-वादक येऊ लागले, आणि नुसते वाजवता येणे पुरत नाही हे डॉक्टरांच्याही लक्षात आले. मिशिगनमध्ये १९४४ साली आणि कॅन्ससमध्ये १९४६ साली विद्यापीठीय शिक्षण सुरू झाले, १९५० मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, १९८३ मध्ये परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारे स्वतंत्र मंडळ आले. म्हणजे शिक्षण, संघटना आणि परीक्षा ही तिन्ही अंगे कायद्याच्या आधी उभी राहिली. १ ऑगस्ट १९९१ रोजी सिनेटच्या वृद्धत्वविषयक विशेष समितीने संगीत आणि वार्धक्य यावर सुनावणी घेतली. सिनेटर हॅरी रीड यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता, आणि मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी तिथे साक्ष दिली. पुढच्याच वर्षी ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या संघीय कायद्यात संगीतोपचाराचा उल्लेख आला. डॉक्टरची विद्वत्ता, रुग्णाचा अनुभव आणि लोकप्रतिनिधीची इच्छा एकाच सभागृहात आली, म्हणून हे घडले.

तरीही व्यवसायाचा परवाना हा तिथे राज्यांचा अधिकार. म्हणून २००५ पासून तिथल्या संघटनेने आणि प्रमाणपत्र मंडळाने मिळून राज्यागणिक मोहीम आखली. नॉर्थ डकोटा आणि नेव्हाडा यांनी २०११ मध्ये परवान्याचे कायदे केले, जॉर्जियाने २०१२ मध्ये, ओरेगॉनने २०१५ मध्ये, न्यू जर्सीने २०२० मध्ये. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये परवाना दिला नाही, फक्त ‘म्युझिक थेरपिस्ट’ या पदनामाला संरक्षण दिले. न्यूयॉर्कमध्ये परवाना मिळतो, पण तो ‘सर्जनशील कलोपचारतज्ज्ञ’ या सामायिक नावाखाली. हे तीन नमुने, म्हणजे पूर्ण परवाना, केवळ पदनामाचे संरक्षण आणि सामायिक छत्र, भारतातल्या चर्चेसाठी फार उपयोगाचे आहेत. प्रत्येक ठिकाणी विधिमंडळाने एकच प्रश्न विचारला: नियमन नसेल तर जनतेला काय अपाय होतो? मोहिमेतल्या लोकांनी उत्तरे दिली. काही अपस्मारी रुग्णांमध्ये ध्वनी झटका आणू शकतो. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाला जादा ध्वनी सोसत नाही. एखादे गाणे जुना आघात उघडा पाडते आणि तो सावरणारे कोणी जवळ नसते. वाचा-उपचाराच्या क्षेत्रातून ‘आमच्या कामावर अतिक्रमण होईल’ अशा हरकती आल्या, तेव्हा निदान कोण करील आणि सहकार्य कसे होईल याबद्दलची कलमे वाटाघाटी करून ठरवावी लागली. धोरणासाठीची वकिली म्हणतात ती याच कामाला.

ब्रिटनने निराळी वाट धरली. ज्युलिएट ॲल्विन यांनी १९५८ मध्ये तिथे संस्था स्थापली, १९६८ मध्ये लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात अभ्यासक्रम आला, १९८२ मध्ये सरकारी आरोग्यसेवेत कला व संगीतोपचारतज्ज्ञांसाठी वेतनश्रेणी ठरली आणि १९९७ मध्ये राज्यनोंदणी झाली. आज ‘म्युझिक थेरपिस्ट’ हे पदनाम तिथे कायद्याने संरक्षित आहे. आधी नोकरी आणि मग नोंदणी, असा तो क्रम. ऑस्ट्रियाने तर १ जुलै २००९ पासून संगीतोपचारासाठी स्वतंत्र कायदाच अमलात आणला. या तिन्ही देशांत एक गोष्ट समान आहे. कायद्याने संगीताच्या सामर्थ्याला प्रमाणपत्र दिले नाही. उपचार करणाऱ्या माणसाच्या शिक्षणाला आणि आचरणाला दिले.

आता आपल्या घराकडे. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषदेला वैधानिक रूप मिळाले. वाचा-उपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक अशा व्यावसायिकांची नोंदणी ती करते. संगीतोपचारतज्ज्ञ त्या यादीत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले. त्यात कलेचा उल्लेख येतो तो संस्कृती आणि मनोरंजन या कलमात. कलेत सहभागी होण्याचा हक्क मोठाच आहे, पण कला हा पुनर्वसनाचा मार्ग असू शकतो हे त्या कलमात येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच विमा मिळावा असे बंधन घातले. पण विम्याचा दावा करायचा तर उपचार देणारा कायद्याने ओळखलेला असावा लागतो. पालक संगीतोपचाराच्या पावत्या जोडून दावा भरू लागतात, तेव्हा उपचारकाचा नोंदणी क्रमांक लिहिण्याची जागा कोरी राहते, आणि दाव्याचे भवितव्य बहुधा तिथेच ठरते. त्या कोऱ्या चौकटीची किंमत मध्यमवर्गीय कुटुंब खिशातून भरते आणि गरीब कुटुंब उपचार सोडून भरते.

सर्वांत मोठी संधी २०२१ च्या कायद्यात आहे. संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापणाऱ्या या कायद्याने डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य आणि औषधनिर्माते वगळता आरोग्यक्षेत्रातील पन्नासहून अधिक व्यवसायांना प्रथमच एका छत्राखाली आणले. अनुसूचीत दहा गट आहेत. त्यांतल्या समाजसेवा आणि वर्तनविषयक गटात ‘मूव्हमेंट थेरपिस्ट’ अशी नोंद आहे, आणि तिच्या कंसात कला, नृत्य व हालचाल यांवर आधारित आणि मनोरंजनात्मक उपचार करणारे येतात. संगीताचे नाव नाही. कला या शब्दात संगीत आले असे कोणी म्हणेल, कोणी म्हणेल नाही. कोणाची नोंद होणार आणि कोणाची नाही, हे अशा अन्वयार्थावर सोडणे धोक्याचे आहे. आयोगाशी विचारविनिमय करून अनुसूची बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. म्हणजे नव्या कायद्याची गरज नाही. पुराव्यासह मागणी, आयोगाची शिफारस आणि राजपत्रातील एक अधिसूचना एवढ्याने हे काम होऊ शकते.

दार उघडले तरी उंबरठा उंच आहे. या कायद्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिकाला दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे शिक्षण हवे, आरोग्यसेवा व्यावसायिकाला तीन ते सहा वर्षांत ३,६०० तासांचे. नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास ५०,००० रुपये दंड आहे. आठवडाअखेरच्या प्रमाणपत्राला या चौकटीत जागा नाही, आणि असूही नये. पण वर्षानुवर्षे रुग्णालयांत आणि विशेष शाळांत निष्ठेने काम केलेल्यांचे काय, हा प्रश्न न्याय्य आहे. त्यांच्यासाठी संक्रमणकाळाची तरतूद, अनुभवाचे मूल्यमापन आणि पूरक अभ्यासक्रम यांची मागणी नोंदणीच्या मागणीबरोबरच जायला हवी. शिवाय कायदा होणे आणि तो अमलात येणे यांत आपल्याकडे अंतर असते. राज्य परिषदा वेळेत स्थापन झाल्या नाहीत, म्हणून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना अंमलबजावणीचे आदेश द्यावे लागले.

महाराष्ट्राने दिल्लीची वाट पाहत बसावे असे मुळीच नाही. रुग्णालये हा घटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्याचा विषय, व्यवसायांचे नियमन समवर्ती सूचीत. भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार यांच्यासाठी महाराष्ट्राने २००२ चा कायदा करून स्वतःची परिषद स्थापली होती, हा पूर्वदाखला आपल्याच विधिमंडळाचा आहे. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ अभ्यासक्रम आखू शकते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत प्रशिक्षित संगीतोपचारतज्ज्ञाचे एकेक पद निर्माण करून त्याचे फलित मोजता येईल. ब्रिटनचा अनुभव सांगतो की सरकारी सेवेतले पद हे मान्यतेचे भक्कम पाऊल असते. तारांकित प्रश्न, अर्धा तास चर्चा, अशासकीय विधेयक, विनंती अर्ज समिती ही साधने सभागृहात आहेतच. विधान परिषदेत राज्यपाल साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतून सदस्य नेमतात. कला आणि समाजसेवा जिथे एकत्र येतात तो हा विषय त्यांच्याहून अधिक हक्काने कोण मांडील?

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. नियमनाने परंपरेचा जीव गुदमरेल, भजनी मंडळाला आणि रुग्णाच्या उशाशी अंगाई म्हणणाऱ्या आजीला परवाना मागाल का, असे काही जाणकार विचारतात. उत्तर स्पष्ट असले पाहिजे: गाणे सर्वांचे आहे आणि सर्वांचेच राहील. कायद्याचा मसुदा लिहिताना हे अपवाद शब्दांत नोंदवावेत. सनद लागावी ती ‘मी उपचार करतो’ असे सांगून शुल्क घेणाऱ्याला. रागचिकित्सेच्या उपासकांनीही या चौकटीकडे वैरभावाने पाहू नये. त्यांचे ज्ञान नोंदले, तपासले आणि शिकवले गेले तर ते टिकेल. चमत्कारांच्या कथांवर विसंबले तर ते शंकेच्या भोवऱ्यात जाईल.

या संग्रहाने या साऱ्या प्रश्नांना एका ठिकाणी आणले आहे. संगीतज्ञ, मनोविकारतज्ज्ञ, विशेष शिक्षक, पालक आणि कायद्याचे अभ्यासक येथे आपापल्या जागेवरून बोलतात. त्यांचे सर्व बाबतींत एकमत नाही आणि संपादनात ते ओढूनताणून घडवलेलेही नाही. कोणाला स्वतंत्र परिषद हवी आहे, कोणाला सर्व कलोपचारांचे सामायिक छत्र. कोणी अभ्यासक्रमापासून सुरुवात करू म्हणतो, कोणी पदनिर्मितीपासून. मला स्वतःला सामायिक छत्राखाली, पण संगीताच्या नावाने स्पष्ट नोंद, हा मार्ग आजच्या घडीला सर्वांत जवळचा वाटतो. वाचकाने वेगळा निष्कर्ष काढला तरी हरकत नाही. तो कायद्याची कलमे आणि संशोधनाची मर्यादा दोन्ही वाचून काढावा, एवढीच अपेक्षा.

आज हे पुस्तक का, तर परिषदा घडत आहेत, अभ्यासक्रमांचे तास ठरत आहेत, नोंदवह्या उघडत आहेत. या वेळी ज्यांनी निवेदन दिले नाही, त्यांच्या वतीने दुसरे कोणी नियम लिहितील. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. पालक असाल तर उपचारतज्ज्ञाला त्याचे शिक्षण आणि देखरेखीची व्यवस्था विचारा आणि सत्रांच्या नोंदी मागा. उपचारतज्ज्ञ असाल तर संघटित व्हा आणि आपल्या फलिताचा हिशेब, अपयशासकट, लिहून ठेवा. डॉक्टर असाल तर शिफारस कागदावर लिहा. आणि सर्वांनी मिळून आपल्या आमदाराला, खासदाराला आणि आयोगाला एक पानाचे निवेदन पाठवा: अनुसूचीत संगीतोपचारतज्ज्ञाचे नाव घाला.

अशी मागणी लेखी आणि वारंवार झाली की तिला उत्तर देणे शासनाला भाग पडते.